अक्काच्या घरची आखाजी

माझा नवरा लग्नाचे फोटो काढतो. धुळ्याच्या आसपासच्या खेड्यांतले नवरदेव, करवल्या, रुसून बसलेले मामा, वरातीत नाचून घामाघूम झालेले मित्र, असे हजारो अनोळखी लोक आमच्या घरात डिस्कांमध्ये भरून ठेवलेले आहेत. आमच्या घरमालकिणीचा मात्र एकही फोटो आमच्याकडे नाही. देवपुरातल्या तिच्या घरात आम्ही काही वर्षं काढली, पण तिनं एकदाही कॅमेरा आपल्याकडे वळवू दिला नाही. फोटो निघाला की लोक हाराची सोय बघायला लागतात, असं तिचं म्हणणं होतं. तिचं नाव रेशनकार्डावर काही का असेना, सगळी गल्ली तिला अक्काच म्हणायची. चेहरा शब्दांत उतरवणं मला जमणार नाही. तिच्या तऱ्हा मात्र सांगता येतील, आणि त्यांना तोटा नव्हता.

आम्ही खोल्या बघायला गेलो तीच पहिली तऱ्हा. त्याआधी चार घरं पालथी घातली होती आणि घरमालकांचे प्रश्न आम्हाला तोंडपाठ झाले होते. मटण शिजवता का, पाहुणे किती येतात, मूळ गाव कुठलं, म्हणजे जात कुठली. अक्कानं यातलं काही विचारलं नाही. ओसरीवर लसूण सोलत बसली होती, वर न बघताच म्हणाली, "झोप कशी शे तुमनी? गाढ का हलकी?"

नवरा छाती फुगवून म्हणाला, एकदा आडवा झालो की कानाशी ढोल वाजवा. अक्काचं तोंड पडलं. मी आपलं खरं ते सांगितलं, की माझी झोप फार वाईट, मांजरानं भिंतीवरून उडी मारली तरी मी उठून बसते. अक्कानं लसूण बाजूला ठेवला, किल्ली काढून माझ्या हातात दिली आणि भाडं सांगितलं. वरच्या खोल्या बघून खाली येताना नवरा म्हणाला, म्हातारीला फुकटची राखणदारीण पाहिजे होती. तेव्हा आम्ही दोघंही हसलो होतो.

तिच्या पुढच्या दाराला कडी नव्हती. होती ती तिनं काढून टाकली होती, दाराच्या चौकटीत नुसती भोकं उरली होती. घराचा रंग उन्हानं पार विटला होता. मागच्या भाडेकरूनं स्वतःच्या खर्चानं रंगवून देतो म्हटलं, तर त्यालाच घालवून दिलं. कोनाड्यात एक जुना फोन होता. गल्लीत सगळ्यांच्या हाती मोबाइल आले तरी अक्का त्याचं बिल भरत राहिली. चहात साखरेऐवजी गूळ घालणारी, वांग्याचं देठसुद्धा भाजीत टाकणारी ही बाई त्या मुक्या फोनवर पैसे का घालवते, हे मला पहिलं वर्षभर कळलं नाही.

माझं माहेर बोदवडकडचं. आमची बोली तावडी, तिची अहिराणी. मी बोलायला लागले की ती मुद्दाम कानाला हात लावून ऐकायची आणि शेजारणीला विचारायची, ही तावडीण काय म्हणते, कुणीतरी मराठीत सांगा. नवऱ्याला ती फोटूवाला म्हणायची. तो मूळचा शिंदखेड्याकडचा, अहिराणी त्याच्या आईची भाषा. पण गिऱ्हाइकांशी बोलून बोलून त्याची जीभ शहरी झाली होती. अक्काशीही तो "तुम्ही, आपण" करत बोलायचा. तिला ते आवडत नसे. तोंडात साखर धरून बोलतो, म्हणायची.

आणि तिचं भांडण. भाजीवाल्याशी, कचऱ्याच्या गाडीवाल्याशी, टीव्हीवरच्या माणसांशीसुद्धा. बातम्या ती आवाज बंद करून बघायची, कारण भांडायचा मान या घरात फक्त तिला होता. एकदा गवारीवरून एका भाजीवाल्याला तिनं असं धुतलं की गल्लीतल्या बायका दारात आल्या. भांडण ऐन रंगात असताना त्या माणसानं कंटाळून गाडीखालचा डबा काढला आणि भाकरी खायला घेतली. अक्का बोलता बोलता थांबली. आत गेली, तांब्याभर पाणी आणून त्याच्याजवळ ठेवलं आणि त्याचं जेवण होईपर्यंत ओसरीवर गप्प बसून राहिली. त्यानं हात धुतला, मग तिनं राहिलेलं भांडण पुरं केलं. "जेवता मानूसले बोलू नही," हे तिचं एकमेव शास्त्र. माझ्या मुलींना मी ताटावर रागावले तर ती खालून ओरडायची, मला.

त्यामागचं कारण तिनं मला एका उन्हाळ्यात बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घालताना सांगितलं. ज्वारीचा चीक शिजत होता, धुरानं दोघींचे डोळे लाल झाले होते, त्यामुळे रडणं कुठलं आणि धूर कुठला हे निराळं करता येत नव्हतं. तिला एक मुलगा होता. नवरा लवकर गेला, तिनं एकटीनं वाढवला. शिकला नाही, कामाला लागेना. एके दिवशी दुपारी तो जेवायला बसलेला असताना ती वाढता वाढता बोलून गेली, की फुकटचं गिळायला बरं वाटतं. रोज बोलायची तसंच बोलली होती. पोरगा भरल्या ताटावरून उठला, हात न धुता बाहेर पडला आणि परत आला नाही. कुणी म्हणालं सुरतेला मिलमध्ये पाहिला, कुणी म्हणालं वापीला. दोन्हीकडे ती जाऊन आली होती. मग ती कडी, तो विटका रंग, तो फोन आणि माझी हलकी झोप, सगळ्याचा अर्थ मला लागला. रात्री दार वाजलं आणि तिला ऐकूच आलं नाही तर, एवढीच तिची काळजी होती.

मुलगा जाऊन बारा वर्षं उलटली तेव्हा तिचे दीर भटजीला घेऊन आले होते. इतकी वर्षं पत्ता नाही म्हटल्यावर दर्भाचा पुतळा करून क्रिया उरकून घ्यावी, त्याच्या जिवालाही गती मिळेल, असं त्यांचं म्हणणं. अक्कानं दोघांना केरसुणी घेऊन फाटकापर्यंत पोचवलं. तेव्हापासून त्या मुलाबद्दल "होता" असं म्हणायची गल्लीत कुणाची छाती नव्हती.

लॉकडाऊन लागला तो ऐन लग्नसराईच्या तोंडावर. फोटोग्राफरचं वर्षाचं पोट त्या तीन महिन्यांवर असतं. नवऱ्यानं दिवाळीला हप्त्यावर नवा कॅमेरा घेतला होता. एकेक करून लग्नं पुढं गेली, मग रद्द झाली, मग लोक दिलेली उचल परत मागायला लागले. ती उचल कॅमेऱ्यात गेली होती. आमचं रेशनकार्ड केशरी, त्यामुळे फुकट धान्य आमच्यासाठी नव्हतं. भावाचा बोदवडहून फोन यायचा, की मुलींना घेऊन निघून ये. पण जिल्ह्याची हद्द बंद होती आणि त्याच्याही घरात न विकलेला कापूस छतापर्यंत रचलेला होता. उगाच म्हणायचं म्हणून तो म्हणायचा आणि उगाच बघू म्हणायचं म्हणून मी बघू म्हणायचे.

महिना संपला. भाड्याबद्दल कसं बोलावं याची मी जिन्यात उभी राहून तयारी करत होते, तेवढ्यात अक्काच खालून कडाडली. "मोरी गयस तुमनी. गयका घरनं भाडं मी लेत नही." आमची मोरी गळते, गवंडी येऊन दुरुस्ती होईपर्यंत एक पैसा घेणार नाही, उद्या गल्लीनं म्हणायला नको की अक्का गळक्या घराचं भाडं खाते. बाहेर धुळ्याचं ऊन पेटलं होतं आणि आमच्या नळाला दिवसाआड पाणी, तेही करंगळीएवढं. गळायला मोरीत काही असायला तर हवं. मी तसं म्हटलं तर म्हणाली, घर कुणाचं आहे, तुझं की माझं. गवंडी तर लॉकडाऊनमध्ये येणार नव्हताच. शेजारच्या खोल्यांतली कॉलेजची पोरं कुलपं लावून गावी गेली होती, म्हणजे तिलाही तेव्हा कुणाचं भाडं येत नव्हतं. पण आभार मानायची सोय नव्हती. आभार मानले की ती दोन दोन दिवस बोलणं टाकायची.

माझा नवरा मात्र त्या दिवसांत देवभोळा झाला. लग्नात मंगलाष्टकं चालू असताना भटजीला "जरा सरका" म्हणणारा हा माणूस. आधी सोमवार धरला, महादेवाचा. मग शनिवार, मारुतीचा. मग गुरुवार, मग मंगळवार. उपासाला साबुदाणा लागतो, तोही तो खात नसे, निरंकार करतो म्हणायचा. दोन्ही मुली वाढत्या वयाच्या, पिठाचा डबा दिवसेंदिवस खोल चाललेला. मला सगळं कळत होतं. पण कळतंय असं दाखवलं असतं तर त्याला उरलासुरला आधारही राहिला नसता, म्हणून मी उपासाचं पाणी त्याच्या हातात देत राहिले. त्या दिवसांत रोज रात्री मला स्वतःच्या पोटात गेलेल्या भाकरीची लाज वाटायची.

एकदा कुठल्यातरी मंडळाचे लोक पलीकडच्या वस्तीत धान्याच्या पिशव्या वाटणार होते. त्यांनी त्याला फोटो काढायला बोलावलं. समाजकार्य आहे, पैसे मागू नका, असं आधीच सांगितलं. हा गेला. उन्हात उभा राहून त्यानं पिशवी देणारे आणि घेणारे यांचे फोटो काढले. घेणाऱ्यांनी मान खाली घातली की देणारे त्यांना वर बघायला सांगायचे. शेवटी दोन पिशव्या उरल्या, तेव्हा त्यातला एक जण म्हणाला, घ्या की एक, तुम्हालाही होईल. हा म्हणाला, नको, आमच्याकडे आहे. हे त्यानं मला सांगितलं नाही. त्या वस्तीतली एक बाई अक्काकडे दळण मागायला यायची, तिनं अक्काला सांगितलं आणि अक्कानं मला.

त्यानंतर तो जिन्यात पडला. पायरी चुकली म्हणाला. मी धावले तोवर अक्का गुडघे धरत वर आली होती. तिनं त्याच्या तोंडावर पाणी मारलं, मनगट हातात घेतलं आणि ते बराच वेळ सोडलं नाही. नंतर खाली भाकरी-भाजीचं ताट वाढून मला हाक मारली. मी वर नेलं. तो म्हणाला, माझा आज उपास आहे, मुलींना दे. तेच ताट दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी. अक्काच्या हातचं मुलींनी खाल्लं, त्यानं शिवलं नाही. कुणी दिलेलं खायचं नाही असा हट्टच त्याच्या डोक्यात बसला होता. सदरा खांद्यावरून घसरायला लागला, बोलणं तुटलं, आणि एके संध्याकाळी तो मला सहज विचारल्यासारखं म्हणाला, तुझा भाऊ तुम्हा तिघींना सांभाळेल ना, वेळ आली तर. मी खाली जाऊन अक्काजवळ बसले आणि पदर तोंडात कोंबून रडले.

आखाजी जवळ आली होती. बाकी महाराष्ट्र तिला अक्षय्य तृतीया म्हणून सोनं विकत घेतो. आमच्या खानदेशात लेकी माहेरी येतात, झोके बांधतात आणि गेलेल्या माणसांची घागर भरतात. मातीच्या घागरीत पाणी भरायचं, वर आंबा नि डांगर, म्हणजे खरबूज, ठेवायचं, निखाऱ्यावर तूप-अन्नाची आगारी टाकायची आणि गेलेल्याच्या नावानं एका माणसाला जेवू घालायचं. त्याला पितर म्हणतात. पितराला बोलावणं म्हणजे काही उपकार नव्हे. उलट त्यानं येऊन उपकार करायचा असतो. ते बोलावणं नाकारलेलं मी तरी ऐकलं नाही, कारण उपाशी राहतो तो बोलावलेला माणूस नव्हे, गेलेला जीव.

अक्का त्या संध्याकाळी परत जिना चढून वर आली. नवरा खिडकीशी लेन्स पुसत बसला होता. ती उंबऱ्यातच उभी राहिली.

"परवा आखाजी शे," ती म्हणाली. "घागर भरनी शे. तू पित्तर म्हनीसन जेवाले ये."

त्यानं लगेच ओळखलं. लेन्स पुसत पुसत तो गोडीनं म्हणाला, परवा रविवार, खंडेरायाचा उपास असतो, आणि तुमच्या मालकांचं पितर तर दरवर्षी कोपऱ्यावरचे नाना जेवतात, त्यांचा मान मी कसा घेऊ. खंडेरायाचा उपास मी त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकला.

"नाना येतीन त्यास्ना मानले," अक्का म्हणाली. "तुले बलावस ती घागर मना पोऱ्यानी शे."

नवऱ्याच्या हातातलं फडकं थांबलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. तिनं दोन्ही हातांनी चौकट धरली होती. लेन्स खाली ठेवून तो म्हणाला, येतो अक्का.

दुसऱ्या दिवशी पुरणाची डाळ निवडताना मी तिला म्हटलं, अक्का, आमच्यासाठी हे असलं काही करू नका, तो काहीतरी खाईलच आज ना उद्या. ती डाळीतून खडे काढत राहिली. मग म्हणाली, "जो गया तो काय खास, ते माले दिखत नही. हाऊ तं मना डोयासमोर सुकी ऱ्हायना." गेलेला काय खातो ते दिसत नाही, हा तर डोळ्यांसमोर वाळतो आहे. एवढंच. मला वाटलं होतं ती रडेल. तिनं माझ्या सुपातली डाळ ओढून घेतली, कारण मी निवडलेल्या डाळीत तिला खडा सापडला होता.

पुढचं इथंच सांगून टाकते. लॉकडाऊन उठल्यावर गवंडी आला नाही, पण सुतार आला आणि अक्कानं दाराला कडी बसवून घेतली. रात्री ती कडी सरकवल्याचा आवाज मला वर ऐकू यायचा आणि माझी उरलेली झोपही जायची. फोनही तिनं बंद करून टाकला. नवऱ्याची कामं हळूहळू सुरू झाली, थकलेलं भाडं आम्ही द्यायला गेलो तर म्हणाली, मोरी अजून गळते. दुसऱ्या लाटेत ती गेली. दवाखान्यात आत कुणाला सोडत नव्हते. स्मशानात दोघांनाच परवानगी मिळाली, एक तिचा पुतण्या आणि दुसरा माझा नवरा. पुतण्यानं घर विकलं. आता आम्ही नकाण्याच्या रस्त्याला राहतो, आणि तिथले लोक चांगले आहेत, कुणी भांडत नाही. मला करमत नाही.

पण मला ती आठवते ती आखाजीच्या दुपारी.

खापरावरच्या पोळ्यांना दोन धडधाकट बायका लागतात, म्हणून त्या वर्षी आम्ही तव्यावरच्याच केल्या, मोजक्या. गूळ तिच्याकडचा होता, डाळ तिची होती, आंबे तिनं गाडीवाल्याशी भांडून घेतले होते. माजघरात दोन घागरी मांडल्या होत्या, एक दरवर्षीची जुनी आणि एक कोरी. कोऱ्या घागरीला तिनं पांढरा दोरा गुंडाळला, वर छोटा लोटा ठेवला, त्यावर आंबा. पुढं द्रोणात नैवेद्याची पोळी. आगारी टाकताना नाव घ्यायचं असतं. तिनं ओठ हलवले, पण आम्हाला ऐकू आलं नाही. नाना आधी जेवून, तोंडाचा रुमाल सावरत निघून गेले होते. नवरा पाटावर बसला. अंघोळ करून, लग्नात घालायचा चांगला सदरा घालून आला होता. अक्कानं त्याच्या कपाळाला गंध लावलं आणि वाकून त्याच्या पायांवर डोकं ठेवलं. त्यानं पाय ओढून घ्यायचा प्रयत्न केला. तिनं धरून ठेवले.

ताटात पोळी, रस, पुरणाच्या डाळीच्या पाण्याची रस्सी, भात, कुरडया होत्या. मुलींना आणि मला तिनं समोरच बसवलं होतं. तो हळूहळू जेवायला लागला. घास त्याच्या घशाखाली उतरताना दिसत होता. एक पोळी संपली आणि त्याचा हात थांबला. तो मुलींच्या ताटांकडे बघत होता. धाकटी बोटं चाटत होती. त्याचा डावा हात जमिनीवर टेकला, उठायला टेकतात तसा. भात होता तसाच होता, रसाची वाटी भरलेली होती. माझ्या तोंडातला घास तिथंच राहिला. मला वाटलं, आता हा उठणार, या घरात भरल्या ताटावरून दुसऱ्यांदा माणूस उठणार, आणि या वेळी दोन घरं बुडणार.

अक्का तुपाची वाटी घेऊन त्याच्यासमोर बसली होती. तिनंही तो टेकलेला हात पाहिला होता. पितराला जेवण झाल्यावर विचारायची रीत असते, तिनं ते आधीच विचारलं. आवाज तिचा नव्हताच, इतका बारीक.

"पोट भरनं का, भाऊ?"

तो तिच्याकडे बघत राहिला. डोळे भरून आले होते, ते त्यानं पुसले नाहीत. मग जमिनीवरचा हात उचलून त्यानं मांडीवर ठेवला.

"नही, माय," तो म्हणाला. "आखो एक पोयी वाढ."

अक्का उठली. पोळ्यांच्या डब्याचं झाकण काढलं, तर आत नुसतं फडकं होतं. तव्याखालचा जाळ विझला होता. ती कोऱ्या घागरीपुढं बसली, द्रोणातली नैवेद्याची पोळी उचलली आणि आणून माझ्या नवऱ्याच्या ताटात वाढली.